बरोबरीचे दोघे

७ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर दोन ओळींच्या वर लिहिलं की तू "पत्र घाल" म्हणून मला झटकतेस. तेव्हा घे, पत्र घातलं. चष्मा पुसून बस, कारण यात कामाचं बोलणं आहे.

आमच्या कंपनीला नवीन काम मिळालंय. किडनी बदलण्यासाठी जे लोक थांबलेले असतात, त्यांची प्रतीक्षायादी. प्रत्यारोपण केंद्रात ती आजवर एका जुनाट प्रोग्रॅममध्ये होती. तिथल्या समन्वयक बाई ती छापून घ्यायच्या आणि पेनाने खाडाखोड करायच्या. आता सगळं नव्याने जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायचंय आणि यादीचा भाग माझ्या गळ्यात पडलाय. दान मिळालेली किडनी आली की त्या रक्तगटात जो सर्वांत वर असेल त्याला पहिला फोन. मधे वशिला नाही, ओळख नाही. इतकं साधं आहे, म्हणूनच मला घाम फुटलाय. आजवर मी दुकानांच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहिले. तिथे क्रम चुकला तर साबणाच्या आधी तेल छापलं जायचं, एवढंच.

प्रत्येक रुग्णाला गुण असतात. डायलिसिसवर किती काळ आहे, वय कोणत्या गटातलं, तब्येत कशी, हे धरून केंद्र ते देतं. जास्त गुण तो वर. गुण बदलत राहतात, नवे लोक येतात, काही बरे होऊन जातात आणि काही तसेच जातात.

आता प्रश्न असा की ही माणसं प्रोग्रॅममध्ये ठेवायची कशात? आमचे साहेब म्हणतात, अ‍ॅरेलिस्ट घे आणि लागेल तेव्हा सॉर्ट मार, म्हणजे क्रमाने लाव. शेजारच्या टेबलावरचा मित्र प्रायॉरिटी क्यूचा भक्त आहे. माझा हात हॅशसेटवर बसलाय, पण त्याला क्रमाशी काही देणंघेणं नसतं. तू विमा कंपनीत जन्मभर प्रोग्रॅमच लिहिलेस. सांग, काय घेऊ?

काकांचे गुडघे कसे आहेत? त्यांना म्हणावं, दुसऱ्यांचे पंप दुरुस्त करायला उकिडवं बसणं आता पुरे.

तुझी,
भिंगरी


१५ जानेवारी

भिंगरे,

अक्षर अजून कोंबडीने माती उकरावी तसं, पण प्रश्न शहाण्यासारखा विचारलास.

डबा कोणता घेऊ हे नंतर विचारायचं. आधी हे विचार, की यादीला कोण काय विचारणार आहे? तुझ्या दुकानदाराचा प्रश्न एकच होता, एकूण किती झाले. इथे समन्वयक बाई विचारतील, सर्वांत वर कोण. तो तापाने पडला असेल तर त्याच्या खालचा कोण. आणि रोज कुणीतरी खिडकीशी येऊन विचारेल, मी कितवा. या सगळ्यांना दर वेळी तेच उत्तर मिळालं पाहिजे.

साहेबांची अ‍ॅरेलिस्ट वाईट नाही, पण ती लावाल तशी राहते. कुणी सॉर्ट करायला विसरला की नवा माणूस शेपटाला जाऊन बसतो, आणि विसरणारा माणूस प्रत्येक ऑफिसात एक तरी ठेवलेला असतोच. प्रायॉरिटी क्यू फक्त पहिल्याची हमी देते. मागचे एकमेकांच्या आसपास उभे असतात, रांगेत नसतात. ज्याला आपण कितवे हे कळायला हवंय, त्याला ती काय सांगणार? लिंक्डहॅशसेट आलेल्या क्रमाने ठेवतो, पण तुझ्या यादीत आलेला क्रम म्हणजे खरा क्रम नाही.

ट्रीसेट घे. त्यात माणूस आत येतानाच आपल्या जागेवर जाऊन बसतो, आणि एकच माणूस दोनदा बसू शकत नाही. हे दुसरं फार मोलाचं आहे. अशा याद्यांमध्ये लोक दोन दवाखान्यांतून दोनदा नाव घालतात. भीतीपोटी घालतात, त्यांना हसू नकोस. फक्त एक सांभाळ. कुणाचे गुण बदलायचे असतील तर त्याला आधी बाहेर काढ, गुण बदल आणि मग पुन्हा आत घाल. बसल्या जागी बदललेस तर तो चुकीच्या जागेवरच बसून राहील आणि तुला शोधूनही सापडणार नाही.

हे दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय, म्हणून ओळी वाकड्या. यांच्या गुडघ्यांना शेक द्यायला आणते. गुडघे तसेच आहेत, आणि जीभही तशीच.

मावशी


३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

ट्रीसेट बसला. साहेबांनी आधी नाक मुरडलं, पण गेल्या आठवड्यात केंद्रातली खरी यादी आत भरली तेव्हा त्यांचं तोंड बंद झालं. समन्वयक बाई नाव घालतात आणि ते नाव सुळकन आपल्या जागेवर जातं. त्या म्हणाल्या, आता माझा लाल पेन वाळून जाणार.

कोण कुणाच्या वर हे ट्रीसेटला आपणच सांगावं लागतं ना, तो कंपॅरेटर मी स्वतः लिहिला. आधी गुण बघायचे. गुण सारखे असतील तर नोंदणीची तारीख बघायची, आधीची तारीख वर. ताक फुंकून प्यावं तसा तपासलाय.

आणि तुझं दुसरं म्हणणं तर तंतोतंत खरं ठरलं. यादी भरल्यावर बाई म्हणाल्या, जुन्या यादीपेक्षा माणसं थोडी कमी दिसतात. मी छाती फुगवून सांगितलं, ते दुबार होते. एकाच माणसाचे गुण आणि तारीख दोन्ही दवाखान्यांत सारखीच असणार, म्हणून ट्रीसेटने दुसऱ्याला आत घेतलंच नाही. नोंद क्रमांक वेगळे असल्यामुळे जुन्या प्रोग्रॅमला हे कधी कळलंच नव्हतं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. निम्मी तुझी आहे, येताना घेऊन येईन.

परवा काकांना फोन केला होता. आवाज फार खोल वाटला. गुडघ्यांनी आवाज बसतो का ग?

तुझी,
भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र मिळालं. चांगलं केलंस. शाबासकी तुझी तूच ठेव.

यांचा आवाज सर्दीने बसला आहे, काळजी करू नकोस. आठवडा जरा धावपळीचा गेला, म्हणून उत्तराला उशीर.

एक विचारायचं होतं. यादीतल्या लोकांना त्यांचा क्रमांक तुम्ही कळवणार आहात का? की त्यांनी खिडकीशी जाऊन विचारत बसायचं?

मावशी


१९ फेब्रुवारी

मावशी,

इतकं छोटं पत्र? विमा कंपनीची नोटीस आली असं वाटलं.

हो, कळवणार आहोत. मार्चपासून दर महिन्याला प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याचा क्रमांक जाईल. तुला कशाला ग एवढी चौकशी? आत्तापर्यंत एका तरी प्रोग्रॅमबद्दल तू मला उलटा प्रश्न विचारला होतास का? निवृत्तीचा कंटाळा आला असेल तर इकडे ये, साहेबांच्या जागी तुला बसवते.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

काल मोबाइलवर तुला एवढंच कळवलं की कंपॅरेटर बघ, गुण आणि तारीख दोन्ही सारखी असलेली दोन वेगळी माणसं घालून बघ. तू बघितलं असशील आणि काय झालं ते तुला कळलं असेल. आता बाकीचं सांगते. बसून वाच.

तुझ्या काकांचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. गेलं वर्षभर आम्ही आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतो. मी तुला ज्या बाकावरून पत्रं लिहिते तो त्या दालनाच्या बाहेरचा बाक आहे. आणि त्यांचं नाव तुझ्या यादीत आहे, किंवा असायला हवं होतं.

तुला सांगितलं नाही, कारण तुझं जानेवारीचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं की यादी तुझ्या हातात आहे. तुझ्या काकांवर तुझा किती जीव आहे ते मला माहीत आहे. त्यांचं नाव यादीत आहे हे कळलं असतं तर तुझी बोटं थबकली असती, आणि ते मला नको होतं. यांनाही मी शपथ घातली. त्याआधीही ते तुला सांगू देत नव्हते. म्हणायचे, जन्मभर लोकांचे पंप साफ केले आणि माझ्याच गाळणीत गाळ बसला, हे कोणत्या तोंडाने सांगू?

यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक गवंडी असतो. रक्तगट तोच. डायलिसिस दोघांचं एकाच सुमारास सुरू झालं, नाव एकाच दिवशी नोंदलं, वयाचा गटही एकच, म्हणून गुणही सारखे. दोघं एकमेकांना जुळा म्हणून हाक मारतात. महिन्याच्या सुरुवातीला गवंड्याच्या मोबाइलवर त्याचा क्रमांक आला. यांच्या मोबाइलवर काही नाही. आम्ही दोन दिवस वाट पाहिली आणि मग मी खिडकीशी गेले. तिथल्या मुलीने बघून एका कागदावर लिहून दिलं, "नाव यादीत दिसत नाही, दुबार असेल म्हणून निघालं असेल."

मी तो कागद हातात धरून उभी राहिले. दुबार हा शब्द तुझ्या पत्रातला होता.

घरी येऊन ते पत्र पुन्हा काढलं. कंपॅरेटर त्यात स्वच्छ लिहिलेला होता. गुण, मग तारीख, आणि पुढे काही नाही. दोन माणसं त्या दोन्हींत बरोबरीची निघाली की ट्रीसेट त्यांना एकच माणूस समजतो आणि मागून येणाऱ्याला दारातून परत पाठवतो. तक्रार करत नाही, आवाज करत नाही. हे नवशिक्यालाही मी सांगितलं असतं. ते पत्र आलं त्या दिवशी यांचा रक्तदाब खुर्चीवरच पडला होता, आणि मी तुझ्या ओळींवरून नुसते डोळे फिरवले. दिवा लावला मी, आणि अंधार माझ्याच पायाखाली.

तू चुकलीस, आणि ट्रीसेट घे असं सांगून पुढचं न सांगणारी मीही चुकले. आपण दोघींनी दुबार माणसांची एवढी धास्ती घेतली की गळालेला प्रत्येक माणूस दुबारच असणार असं धरून चाललो. आता लवकर नीट कर. आणि केंद्राला सांग. गुपचूप नीट करू नकोस.

मावशी


१३ मार्च

मावशी,

तुझा मेसेज आला तेव्हाच बघितलं. मग तुझं पत्र आलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तू मला सांगायला हवं होतंस. मला राग आलाय, तो मी आल्यावर काढीन.

काका एकटे नव्हते, आणखीही काही जण गळाले होते. तेवढ्या काळात त्यांच्यापैकी कुणाची पाळी आली नव्हती, एवढंच नशीब. साहेब म्हणाले, "दुरुस्ती कर आणि पुढच्या बदलांबरोबर पाठवून दे, कशाला बोभाटा?" मी त्यांच्यासमोरूनच समन्वयक बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला माणसं कमी दिसली होती, मी तुमच्यावर विश्वास ठेवला." साहेब दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीयेत. न बोलोत.

सगळे यादीत परत आलेत. कंपॅरेटरच्या शेवटी आता नोंद क्रमांक आहे. तो दोन माणसांचा कधीच सारखा नसतो, त्यामुळे यापुढे कुणी कुणात विरघळणार नाही.

पण आता खरी अडचण सुरू झालीय, आणि ती मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू? नोंद क्रमांक दवाखान्याने वाटेल तसे दिलेले आहेत, त्यात न्याय असा काही नाही. मी बाईंना विचारलं की गुण आणि तारीख सारखी असेल तर कोणाला वर ठेवायचं. त्या म्हणाल्या, "आमचा तसा नियमच नाही. पूर्वी मी त्या दिवशी बघून ठरवायचे. तुम्हीच काहीतरी ठेवा, मी समितीची सही घेते."

मीच काहीतरी ठेवायचं. त्या रक्तगटात काका आणि तुमचा गवंडी सर्वांत वर आहेत, मावशी, दोघंच, आणि त्यांच्यात कोण पहिलं हे मी ठरवायचं. वयाने लावलं तर काका वर येतात आणि त्याला जगात कुणी नावं ठेवणार नाही. उलट सगळे म्हणतील, मोठ्यांना मान दिला. एक ओळ लिहायची आहे. माझी बोटं थबकलीच, तू म्हणाली होतीस तशी.

काय लिहू?

भिंगरी


१८ मार्च

भिंगरी,

तू मला विचारलंस, म्हणून उत्तर देते. हे तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही. तू भाची आहेस, मी बायको आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे आपण दोघींनी जन्मभर दुसऱ्यांच्या बाबतीत हसून म्हटलं. कुंपणानेच शेत खायला सुरुवात केली तर राखण कोण करणार? समन्वयक बाईंना सगळं सांग. या दोघांपैकी एक तुझे काका आहेत हेही सांग. मग नियम समितीला करू दे.

समितीने तुला विचारलंच की प्रोग्रॅममध्ये काय शक्य आहे, तर एवढं सांग. नोंदणीच्या दिवशी खिडकीजवळचं यंत्र टोकन देतं आणि त्यावर वेळ असते. ती केंद्राकडे साठवलेली आहे. वय आणि तब्येत गुणांमध्ये आधीच मोजून झाली आहे, ती दुसऱ्यांदा मोजू नये. दोघं सगळ्या बाबतीत बरोबरीचे असतील तर जो आधी पोचला तो आधी. मला विचारशील तर मला हाच नियम सरळ वाटतो. तुझे काका यादीत नसते तरी मी हेच सांगितलं असतं.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

सगळं तू सांगितलंस तसं केलं. बाईंना काकांचं सांगितलं. त्यांनी मला त्या चर्चेतून बाहेर ठेवलं आणि फक्त काय शक्य आहे ते विचारलं. समितीने टोकनाच्या वेळेचा नियम केला. तो मी काल बसवला.

खरं सांगू? तुझं पत्र वाचून मी मनातल्या मनात हसले होते. मला वाटलं, मावशी पक्की आहे. वाट सरळही शोधली आणि आपल्या दारावरून जाणारीही. काका कुठेही वेळेआधी जाऊन उभे राहतात हे आख्ख्या नात्यागोत्याला माहीत आहे. लग्नाला गेले तर मांडव बांधणाऱ्यांच्या आधी पोचतात. मी धरूनच चालले होते की टोकन त्यांचंच आधीचं असणार.

वेळा भरल्या, यादी उघडली. गवंडी वर आहे आणि काका खाली, काही मिनिटांच्या फरकाने.

तुला माहीत होतं का? इतकंच सांग. मला झोप लागत नाहीये.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरी,

माहीत होतं.

त्या दिवशी आम्ही दार उघडायच्या आधीपासून उभे होतो, तुझ्या काकांच्या सवयीप्रमाणे. यंत्रापुढे पहिले हेच होते. मागे एक माणूस भिंतीला धरून उभा होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, टाचा बाहेर लोंबत होत्या. तोच गवंडी. तेव्हा आमची ओळखही नव्हती. यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही घ्या आधी, बसा जाऊन." मग आमचं टोकन बराच वेळ निघेना. यंत्रातला कागद संपला होता, तो केंद्रातल्या लोकांनी बदलला. मी शेजारीच होते.

तू विचारलंस तेव्हा ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. वयाने लाव, असं लिहायला मला एक ओळ पुरली असती. पहिला कागद मी तसाच लिहिलाही होता. तो फाडला, कारण वयाचा नियम सुचण्यामागे माझ्याजवळ दुसरं काही कारण नव्हतं. तो यांना वर नेत होता, एवढंच कारण. उद्या तोच नियम दुसऱ्या कुणाला खाली ढकलेल तेव्हा मी काय उत्तर देणार होते?

आता ऐक. परवा पहाटे गवंड्याला फोन आला. किडनी मिळाली, शस्त्रक्रिया झाली, लघवी सुरू झाली असं त्याच्या बायकोने कळवलं. ती आनंदाने बोलत होती आणि मी तिचे ओठ बघत होते. मला आनंद झाला, भिंगरी, खोटं नाही. आणि घरी येऊन मी मोरीचा नळ सोडून बसले, कारण माझं रडणं किती मोठ्याने होतं ते मला कळत नाही.

डॉक्टर म्हणतात, यांचं हृदय थकत चाललंय. अजून काही महिने शस्त्रक्रिया झेपेल. त्यानंतर नाव काढावं लागेल.

नियम मी सुचवला हे यांना माहीत नाही. मी त्यांना विचारलं नव्हतं. आज सांगणार आहे.

मावशी


२६ एप्रिल

भिंगरी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. पंपाच्या बिलावर "काम केले" एवढंच मला लिहिता येतं, असं तुझी मावशी म्हणते. पण हे तुला फोनवर सांगता येईना, म्हणून लिहितो. उजव्या हाताला सुई असते, तेव्हा डाव्याने लिहिलंय. समजून घे.

आता यादीत मी पहिला आहे. तुझा मेसेज आला. शेजारच्या खुर्चीवर एक शाळामास्तर येऊ लागले आहेत. माणूस चांगला आहे पण सारखं बोलतो. गवंडी परवा भेटून गेला. पायांची सूज उतरलीय, बूट घालून आला होता. माझ्या पाया पडायला वाकला, तर मी त्याला अर्ध्यातच धरलं. त्याला कुणीतरी सांगितलंय की मी टोकन सोडलं म्हणून त्याला किडनी मिळाली. मी म्हटलं, बाबा, मी यंत्राचं टोकन सोडलं होतं, किडनी सोडली नव्हती. तो हसला. मी हसलो नाही.

तुला खरं सांगतो. त्या दिवशी त्या टोकनाने पुढे काय होणार हे मला माहीत असतं, तर मी त्याला पुढे जाऊ दिलं नसतं. त्याचे पाय सुजलेले बघूनही दिलं नसतं. लोक मला आता उदार म्हणतात. मी फक्त एका माणसाला बसायला सांगितलं होतं.

मग तुझ्या मावशीने मला नियमाचं सांगितलं. समोर बसून, कपबशा बाजूला सारून, सगळं सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जीव माझा, आणि निकाल दोघींनी पत्रांतून लावला. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलणं बंद करायला काही करावं लागत नाही, नुसतं तोंड फिरवायचं. मी तोंड फिरवून बसायचो. ती समोर यायची आणि मी दुसरीकडे फिरवायचो. पुढे पुढे ती समोर यायचीच थांबली. जेवण ठेवायची आणि मागच्या मागे जायची. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला कधी बोटही लावलं नाही, पण हे मी तिला मारल्यासारखंच होतं. ते मला उशिरा कळलं.

परवा डायलिसिसवरून आल्यावर मी तिला समोर बसवलं. तिला माझे ओठ दिसतील असा उजेडात बसलो आणि विचारलं, "मला एकदा विचारायचं तरी होतंस. का नाही विचारलंस?"

ती म्हणाली, "विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

मी म्हटलं, "वयाने लाव म्हणालो असतो."

"म्हणूनच विचारलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. मी तिला म्हटलं, "बरं केलंस."

तिने माझे ओठ वाचले आणि डोळे पुसले. तेव्हापासून ती पुन्हा माझ्यासमोर बसून जेवते. पण भिंगरी, तिला शब्द दिसतात, आवाज ऐकू येत नाही. मी ते मनापासून म्हणालो का, ते मलाच कळलेलं नाही.

तू येऊन जा. तुझ्यासमोर मी तिला पुन्हा एकदा ते म्हणेन. तुला ऐकू येतं. खरं वाटलं की नाही, ते मला बाजूला घेऊन सांग.

काका